बाळसं आणि वजनकाटा
(१९९५च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘कॉम्प्युटरवर काहीतरी बोल’ असं सांगितलं होतं. गेली चोवीस वर्षं मी सॉफ्टवेअरच लिहितेय आणि आज रविवार आहे, म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी विषय बदलला. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर बिनसाखरेच्या चहाची किटली साखरेच्या चहाआधी रिकामी झाली, तेव्हा विषय बरोबर निवडला असं वाटलं. आपण सगळे आता पंचेचाळीस-सेहेचाळीसचे आहोत. आपल्यातले कितीतरी जण खिशात गोळ्यांची पट्टी घेऊन आले आहेत. त्यातले सगळे काही जाडजूड नाहीत. काही तर दहावीच्या फोटोत होते तसेच काटक आहेत.

हे असं का, यावर मी आज बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. आपल्या बॅचमध्ये दोन डॉक्टर आहेत, ते पुढच्या रांगेत बसले आहेत आणि माझं काही चुकलं तर हात वर करणार आहेत. मी फक्त गेली काही वर्षं या विषयावरचं संशोधन वाचत आले आहे. शिवाय आपल्या बॅचच्या निधीचं काय करायचं यावर दोन महिने ग्रुपवर चर्चा चालू आहे. त्याबद्दलही मला एक गोष्ट सुचवायची आहे. ती शेवटी सांगते.

आपण नववीत होतो ते वर्ष आठवा, १९९३. त्याच वर्षी आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू झाला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी, आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल, अशी ही मंडळी. गावातल्या लग्न झालेल्या तरुण बायकांची त्यांनी नोंद ठेवली, दिवस गेले की त्या काय खातात, किती काम करतात, हे लिहून घेतलं आणि मूल जन्मलं की त्याचं नुसतं वजन न करता डोकं, दंड, पोट, लांबी, त्वचेखालची चरबी असं सगळं मोजलं. त्या बायकांचं सरासरी वय होतं २१, उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन ४२ किलोच्या आसपास. म्हणजे आपल्या शाळेत आपल्यापुढे पाच-सहा इयत्ता असलेल्या ताया. त्या मुली आपण पाहिल्यात. आपल्यातल्या काहींच्या त्या सख्ख्या बहिणी होत्या.

जन्मलेल्या बाळांची तुलना साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. पुण्याकडची ६३१ बाळं आणि तिकडची ३३८, सगळी पूर्ण दिवसांची. आपल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, त्यांच्या बाळांचं ३.५ किलो. यात कुणाला आश्चर्य वाटणार नाही. आई लहान, बाळ लहान. पण मोजमापं एकेक करून पाहिली तेव्हा फरक सगळीकडे सारखा नव्हता. दंडाचे स्नायू आणि पोटाचा घेर, म्हणजे यकृतासारखे आतले अवयव, यांत आपली बाळं खूपच मागे होती. लांबी आणि डोकं त्या मानाने कमी मागे. आणि पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी? ती जवळजवळ साहेबाच्या बाळाइतकी. पावणेतीन किलोचं बाळ, हाताला हाडं लागतात असं, आणि तरी शरीराच्या मानाने चरबी जास्त. याज्ञिकांनी त्याला नाव दिलं, ‘थिन-फॅट’ बाळ. बारीक, पण चरबीचं. २००३ साली हा निबंध प्रसिद्ध झाला.

याचा अर्थ कसा लावायचा? आईच्या पोटात येणारं अन्न जर कमी किंवा निकस असेल तर वाढणारं बाळ काटकसर करतं. घरात पैसा कमी असला की आपण आधी औषधाचा आणि फीचा खर्च काढून ठेवतो, घराला रंग द्यायचं राहून जातं. तसंच बाळ मेंदू आधी सांभाळतं. स्नायू, यकृत, मूत्रपिंडं, स्वादुपिंड यांच्या वाट्याला कमी येतं. आणि चरबी राखून ठेवतं, कारण जन्मानंतरही उपासमारच असेल तर तीच कामाला येणार. काटकसरीचा हा विचार इंग्लंडमधले डॉ. डेव्हिड बार्कर आणि डॉ. निकोलस हेल्स यांनी १९९२ साली मांडला. जन्माच्या वेळी कमी वजन असलेल्यांना पुढे हृदयविकार आणि मधुमेह जास्त होतो, हे बार्करना हर्टफर्डशर परगण्यातल्या सुईणींनी ठेवलेल्या १९११ पासूनच्या वह्यांमधून दिसलं होतं. एखाद्या नर्सबाईने जपून ठेवलेली वही ऐंशी वर्षांनी किती उपयोगी पडते, हे आपल्या ऑफिसच्या क्लार्ककाकांना ऐकवायला हवं होतं. जनरल रजिस्टर नीट ठेवा म्हणून ते आपल्याला रोज ओरडायचे.

अडचण येते ती पुढे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायूंमध्ये जाते. इन्सुलिन तयार होतं स्वादुपिंडात. ज्या बाळाने हे दोन्ही काटकसरीत बांधले, ते बाळ गरिबीत, शेतात राबत, मोजकंच खात मोठं झालं तर त्याचं चालून जातं. पण तेच मूल मोठं होऊन खुर्चीवर बसून दहा तास काम करू लागलं, संध्याकाळी वडापाव आणि रात्री भात असं खाऊ लागलं, की लहान गोदामात मोठा माल येऊ लागतो. त्वचेखाली जागा संपली की चरबी पोटात आणि यकृतात साठते. तिथली चरबी इन्सुलिनला दाद देत नाही आणि साखर वाढते. मित्रहो, हे वर्णन मी एखाद्या पुस्तकातल्या रुग्णाचं करत नाही. आपल्या बॅचचं करते आहे.

त्या सहा गावांतल्या मुलांवर संशोधकांनी पुढेही लक्ष ठेवलं. ती अठरा वर्षांची झाली तेव्हा सहाशेहून अधिक जणांची साखर तपासली. निम्मी मुलं वजनाने कमीच होती, बीएमआय साडेअठराच्या खाली. आणि तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुलींची साखर प्रमाणापेक्षा वर होती. अठराव्या वर्षी! कुणी म्हातारं नाही. ज्यांची वाढ पोटात असताना कमी झाली होती आणि लहानपणापासूनच उपाशीपोटीची साखर जराशी वरच्या बाजूला होती, त्यांच्यात हे अधिक दिसलं.

आता आपला लाडका वजनकाटा. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे, एक लंडनचे जॉन यडकिन आणि दुसरे आपले याज्ञिक. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघंही दिसायला सडसडीत. पण डेक्सा यंत्रावर शरीरातली चरबी मोजली तर यडकिनसाहेबांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याच्या दृष्टीने दोन माणसं एकसारखी, आणि आतून एकाची चरबी दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त.

मी हे वाचलं तेव्हा माझं स्वतःचं कोडं सुटलं. माझी उंची १५५ सेंटिमीटर, वजन ५३ किलो. कंपनीच्या वार्षिक तपासणीचं ॲप बीएमआयसमोर हिरवी खूण करतं. पण एकेचाळिसाव्या वर्षी माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ आली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. कंबर मोजली तर ८४ सेंटिमीटर. असले नियम प्रोग्रॅममध्ये कसे लिहितात ते मला ठाऊक आहे. कुणीतरी कुठल्यातरी तक्त्यावरून एक आकडा टाकतो आणि त्यापुढे तो आकडा हजारो लोकांना ‘तुम्ही ठीक आहात’ असं सांगत राहतो. भारतीयांसाठी डॉक्टरांनी वेगळे आकडे ठरवले आहेत, ते लिहून घ्या. बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत. शिंप्याची टेप घरात असतेच. वजनकाट्यापेक्षा ती जास्त खरं बोलते.

हे सगळं एकट्या पुण्याचं आहे का? नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांनी हॉलंडच्या पश्चिम भागाची रसद तोडली. तिथे माणशी रोजचं रेशन ४०० ते ८०० कॅलरींवर आलं. त्या वेळी पोटात असलेली मुलं पुढे एकोणीस वर्षांची होऊन लष्करी तपासणीला आली. तीन लाख मुलग्यांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा दिसलं की ज्यांच्या आयांनी गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात उपासमार काढली, त्यांच्यात लठ्ठपणा जास्त होता. ज्यांनी शेवटच्या महिन्यांत आणि जन्मानंतर लगेच ती काढली, त्यांच्यात कमी. उपासमार तीच. ती कोणत्या महिन्यात आली, यावर निकाल बदलला. पन्नाशीला आल्यावर, पोटात असताना ती उपासमार सोसलेल्यांची साखरही इतरांपेक्षा जास्त निघाली.

उलट बाजूचंही एक उदाहरण आहे. ब्रिटनमध्ये युद्धानंतरही साखरेचं रेशनिंग चालू होतं, ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं. लोकांचं साखरेचं खाणं रोजच्या चाळीस ग्रॅमवरून बघता बघता ऐंशीच्या घरात गेलं. रेशनिंग उठण्याच्या थोडं आधी आणि थोडं नंतर जन्मलेल्या साठ हजार लोकांची माहिती संशोधकांनी ताडून पाहिली. हा निबंध २०२४ साली आला. आईच्या पोटात आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांच्या वाट्याला रेशनची मोजकी साखर आली, त्यांच्यात पन्नाशी-साठीत मधुमेहाचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचं सुमारे २० टक्क्यांनी कमी होतं. माणसं त्याच देशातली, तेच हवामान, त्याच शाळा. आयुष्याच्या पहिल्या हजार दिवसांतली साखर तेवढी वेगळी.

आता जन्मानंतरचं बघू, कारण इथे आपल्या आजी, मावशी, शेजारीण सगळ्यांचं मत असतं. आपल्याकडे ‘बाळसं’ हा फार छान शब्द आहे. बाळसं धरलं की घराला हायसं वाटतं. आणि ते योग्यच आहे. पहिल्या वर्षात बाळ गुबगुबीत होतं, चालायला लागलं की ते बाळसं उतरतं, पाच-सहा वर्षांपर्यंत मूल लांबुडकं, बारीक होत जातं आणि मग पुन्हा हळूहळू भरू लागतं. हे निसर्गाचं वेळापत्रक आहे. पण तीन वर्षांचं मूल बारीक दिसायला लागलं की आपण घाबरतो. ‘काय गं, खायला घालत नाहीस का’ असं सासू, जाऊ, वाटेवरची कुणीही विचारते, आणि मग सुरू होतं ताट घेऊन मागे धावणं, बिस्किटं, दुधात चॉकलेटची पावडर, टीव्हीसमोर भरवणं. वेळापत्रकात जे भरणं सहाव्या वर्षानंतर यायला हवं ते चौथ्या वर्षीच येतं. असं लवकर भरणाऱ्या मुलांना पुढे लठ्ठपणाचा धोका जास्त असतो.

दिल्लीत जन्मापासून नोंद ठेवलेल्या १४९२ जणांची २६ ते ३२ वर्षांच्या वयात तपासणी झाली. त्यांच्यातल्या ज्यांची साखर बिघडली होती त्यांचा लहानपणचा तक्ता काढला. दोन वर्षांचे होईपर्यंत ते बारीक होते. नंतर त्यांचं भरणं लवकर सुरू झालं आणि बीएमआय तरुणपणापर्यंत इतरांपेक्षा भराभर चढत गेला. आणि बाराव्या वर्षी त्यांच्यातला एकही जण लठ्ठ म्हणावा असा नव्हता. म्हणजे कुणाच्या डोळ्यात भरावं असं काही घडलंच नाही. प्रत्येकाला घरच्यांनी ‘आता जरा अंग धरलंय’ असंच म्हटलं असेल.

चरबीच्या पेशींचं आणखी एक सांगते. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००८ साली एक विलक्षण युक्ती केली. १९५५ ते १९६३ या काळात जमिनीवर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सर्गी कार्बन वाढला आणि मग हळूहळू कमी होत गेला. तो आपल्या पेशींच्या डीएनएमध्ये शिरलेला असतो, आणि त्यावरून पेशी कोणत्या वर्षी जन्मली ते काढता येतं. त्यांना दिसलं की चरबीच्या पेशींची संख्या बालपणात आणि किशोरवयात ठरते, आणि मोठेपणी साधारण तेवढीच राहते. दरवर्षी सुमारे दहा टक्के जुन्या जातात, तेवढ्याच नव्या येतात. शस्त्रक्रिया करून भरपूर वजन उतरवलेल्यांच्यातसुद्धा पेशी लहान झाल्या, संख्या कमी झाली नाही. आपल्यापैकी जे दर जानेवारीत पाच किलो उतरवतात आणि दिवाळीपर्यंत परत मिळवतात, त्यांनी स्वतःला आळशी म्हणायच्या आधी हे लक्षात घ्यावं. जागा आधीच तयार असते, ती फक्त रिकामी-भरलेली होत राहते.

‘सुदृढ बालक स्पर्धा’ आठवते? वजनकाट्यावर ठेवून, गालाला हात लावून नंबर काढायचे. परीक्षकांचा हेतू चांगलाच होता. त्या काळात खरा धोका कुपोषणाचा होता आणि आजही आपल्या राज्यातल्या कितीतरी पाड्यांवर तो आहे. मी बाळाला उपाशी ठेवा असं म्हणत नाही. पहिली दोन वर्षं बाळ खुरटू देऊ नका. सहा महिने फक्त आईचं दूध, मग त्याच्या जोडीला घट्ट वरण-भात, नाचणी, अंडं, भाज्या, फळं, दोन वर्षांपर्यंत आईचं दूध चालू. साखर, शीतपेयं, चहात बुडवलेलं बिस्किट, यांना त्या वयात जागा नाही. आणि दोन वर्षांनंतर मुलाची उंची बघा, नुसतं वजन नको. मूल खेळतंय, उंच होतंय, आजारी नाही, तर त्याने तोंड फिरवलं की ताट उचला. पोट भरल्याचं त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. आपल्यातल्या काही जणी येत्या चार-पाच वर्षांत आज्या होतील. त्यांच्यासाठी हे खास.

पुन्हा त्या सहा गावांकडे जाऊ, कारण तिथलंच एक निरीक्षण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या आया रोज साधारण १८०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिनं खात होत्या. गरोदर बाईसाठी कमीच. वर शेतीचं काम, पाणी वाहणं. ज्यांना जास्त कष्ट पडले त्यांची बाळं आणखी लहान झाली. पण त्यांच्यात आपापसात तुलना केली तर एकूण कॅलरी किंवा प्रथिनं किती, यावरून बाळाचं वजन सांगता येत नव्हतं. सांगता येत होतं ते पालेभाज्या, फळं आणि दूध-दही यांवरून. मेथी, शेपू, पालक, चाकवत, हे ज्यांच्या ताटात वरचेवर होतं त्यांची बाळं मोठी होती. म्हणजे पोट भरणं ही एक गोष्ट आणि शरीर घडवायला लागणारं बारीकसारीक सामान मिळणं ही दुसरी.

त्या सामानात एक नाव पुढे आलं, जीवनसत्त्व बी-१२. ते वनस्पतींत नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. त्या आयांपैकी दोन तृतीयांश जणींमध्ये ते कमी होतं. फॉलिक ॲसिड मात्र भरपूर होतं, फक्त एकीत कमी. आणि मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा, ज्यांच्या आईत फॉलिक ॲसिड जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या शरीराची इन्सुलिनला दाद सर्वांत कमी निघाली. याचा अर्थ फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करा असा कुणी काढू नये. बाळाच्या मणक्यातले दोष टाळायला त्या लागतातच. अर्थ इतकाच की जोडीला बी-१२ आहे ना, हे डॉक्टरांना विचारून बघावं. शाकाहारी घरातल्या मुलींनी तर नक्कीच.

आता हे ऐकून इथल्या एखादीला वाटेल, म्हणजे माझ्या मुलाचं जे झालं ते माझ्यामुळे? किंवा, माझ्या आईमुळे मला मधुमेह? मैत्रिणींनो, तसं मुळीच नाही. आपल्या आया काय खात होत्या ते आठवा. पुरुषांची पंगत, मुलांची पंगत आणि मग पातेल्यात उरलेलं. भाजी संपलेली असायची, भाकरी आणि ठेचा असायचा. दिवस गेलेल्या सुनेला ‘जास्त खाऊ नकोस, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल’ असं प्रेमाने सांगणाऱ्या बायका मी स्वतः पाहिल्यात. ते प्रेमच होतं, कारण अडलेल्या बाळंतपणात बाई दगावलेली त्यांनी पाहिली होती. डोहाळजेवणाचा थाट सातव्या महिन्यात, डिंकाचे लाडू बाळंतपणानंतर. पण बाळाचे अवयव बसतात ते पहिल्या तीन महिन्यांत, जेव्हा घरात अजून कुणाला सांगितलेलंही नसतं आणि तिला ओकाऱ्या होत असतात. त्या वेळी ती जे आधीपासून अंगात बाळगून आहे त्यावरच बाळाला भागवावं लागतं. आणि ते साठवण कधी होतं? तिच्या नववी-दहावीत.

हे मी अंदाजाने बोलत नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून एक प्रयोग झाला. साडेसहा हजार बायकांना नोंदवून, दिवस जाण्याच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला. निम्म्या जणींच्या खाऊत पालेभाजी, फळं, दूध होतं, बाकीच्यांच्या खाऊत कांदा-बटाट्यासारख्या भाज्या. एकूण सगळ्यांचा हिशोब केला तर बाळाच्या वजनात फरक दिसला नाही. पण दिवस जाण्याच्या किमान तीन महिने आधीपासून ज्या खात होत्या त्यांची बाळं वजनाने थोडी जास्त भरली. आणि पालेभाजी-दुधाचा खाऊ खाणाऱ्यांत गरोदरपणात होणारा मधुमेह १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आला. हातात तरंगणाऱ्या जादूच्या कांडीसारखं हे काही नाही. पण आधीपासून, रोज, थोडं, या तीन शब्दांत त्याचं सार आहे.

आता निधीचं. ग्रुपवर कमानीचं अंदाजपत्रक चार लाखांचं आलं आहे. कमान छान दिसेल, आपल्या बॅचचं नाव राहील, मी विरोधात नाही. पण गेल्या महिन्यात बाईंना भेटायला शाळेत आले होते तेव्हा त्यांनी एक सांगितलं. सरकारी पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. नववी-दहावीला तो नाही. वाड्यावस्त्यांवरून येणारी मुलं सकाळी सहाची एसटी पकडतात. बऱ्याच मुली चहा पिऊन येतात आणि दुपारी एकपर्यंत तशाच असतात. प्रार्थनेत चक्कर येऊन पडणं अजूनही चालू आहे. आपल्या वेळी पडायच्या तशाच.

माझा हिशोब असा. नववी-दहावीची मिळून ११० मुलं. एक उकडलेलं अंडं, किंवा ज्यांच्या घरी चालत नाही त्यांना वाटीभर दही. जोडीला मोड आलेली मटकी किंवा शेंगदाण्याचा लाडू, आणि पेरू, केळं, जे हंगामात स्वस्त असेल ते. मुलामागे रोज पंधरा रुपये धरले आणि शाळेचे दोनशे दिवस धरले तर वर्षाला तीन लाख तीस हजार. कमानीपेक्षा कमी, पण दरवर्षी. आपण इथे साठ जण आहोत. माणशी वर्षाला साडेपाच हजार, महिन्याला पावणेपाचशेसुद्धा नाहीत. मुलगे वगळायचे नाहीत, कारण मघाशी सांगितलेला ३७ टक्क्यांचा आकडा मुलग्यांचाच आहे. आपल्या दोन डॉक्टरांनी पालकांची संमती घेऊन वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, उंची आणि वजन बघायचं कबूल केलं आहे. नोंदी ठेवायचं काम माझं. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर मी फुकट लिहीन आणि त्यात हिरव्या खुणा नसतील.

याने पन्नास वर्षांनी इतक्या जणांचा मधुमेह टळेल असं मी सांगू शकत नाही. एवढंच सांगते की आपल्या देशात २०२३ सालच्या अहवालाप्रमाणे १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून जास्त लोक उंबरठ्यावर आहेत. त्यांच्या गोळ्यांवर खर्च करायची वेळ आपल्या घरांत आलीच आहे. आणि समजा, मधुमेहाचं काहीच झालं नाही, तरी एक पोरगी गणिताच्या तासाला भरल्या पोटी बसेल. तेवढंही मला चार लाखांच्या कमानीइतकंच वाटतं.

राहिले आपण. आपल्या पेशी मोजून झाल्या, आपलं बाळसं केव्हाच उतरलं. पण स्नायू अजून वाढवता येतात, साठीतही येतात. साखर तिथेच जाते हे मघाशी सांगितलं. पीटीच्या सरांनी उशिरा येण्याबद्दल घातलेल्या बैठका आता स्वखुशीने घाला. रोज वीस पुरेत, सुरुवातीला दाराची चौकट धरून. जेवताना आधी भाजी आणि डाळ, मग भात. वर्षातून एकदा साखर तपासा, आणि बारीक असाल तर जास्त आठवणीने तपासा, कारण तुम्हाला कुणी सांगणार नाही.

नावनोंदणीचा कागद स्टेजच्या डाव्या बाजूला टेबलावर ठेवला आहे. पहिल्या ओळीवर मुख्याध्यापकांची सही आहे आणि दुसऱ्यावर माझी. जेवायला जायच्या आधी तिथून जा.